पत्र्यावरील दगड काढून घ्यावेत

गिरणीचा पट्टा फिरत होता आणि त्या आवाजात गिरणीवाल्या निर्मलाबाई काय म्हणताहेत ते ऐश्वर्याला आधी कळलंच नाही. तेव्हा निर्मलाबाईंनी पिठाने पांढरा झालेला मोबाईल सरळ तिच्या नाकासमोर धरला. त्यावर एका सरकारी कागदाचा फोटो होता. उजव्या कोपऱ्यातल्या तारखेभोवती कुणीतरी लाल गोल काढला होता, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून गोलाला एक लाल बाणही लावला होता. "बघा मॅडम," निर्मलाबाई ओरडल्या, "जमीन हालली बावीस तारखेला सकाळी, अन् सरकारचा कागद एकवीसचा! आदल्या दिवशीच ठाऊक होतं मेल्यांना." ऐश्वर्याने कागद पाहिला. कागद तिचाच होता. सही साहेबांची, पण अक्षर न् अक्षर तिने टाईप केलेलं. दोन परिच्छेदांमधली मोकळी ओळ तिची, 'नागरिकांनी घाबरून न जाता' याच्या पुढचा स्वल्पविराम तिचा, आणि लाल गोलात अडकलेला तो एकवीसही तिचाच. निर्मलाबाईंना ती कुठल्याशा ऑफिसात आहे एवढंच माहीत होतं. ऐश्वर्या नुसती "हो का" म्हणाली. पीठ आज जाडसर आलंय हे दिसत असूनही काही न बोलता तिने गरम डबा कडेवर घेतला आणि हिंगोलीच्या त्या भाजून काढणाऱ्या एप्रिलच्या उन्हात खोलीकडे चालू लागली.

खरं कारण इतकं फालतू होतं की ते सांगायचीही लाज वाटावी. आपत्तीच्या नियंत्रण कक्षात ती तीन वर्षांपासून कंत्राटावर होती. कक्ष म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक फोन, भिंतीवर मागच्या पावसाळ्याचा तक्ता आणि पाणी पिऊ नये असं ज्याच्याकडे बघूनच कळतं असा एक फिल्टर. औंढ्यापासून कळमनुरीपर्यंतच्या पट्ट्यात जमीन गेली कित्येक वर्षं मधूनच गुरगुरते, कधी भांडी पाडते, कधी नुसती कुरकुर करून गप्प बसते. त्यामुळे भूकंपाच्या धक्क्याची प्रेस नोट कक्षात तयारच असायची. वेळ बदलायची, तीव्रता बदलायची, गावांची नावं बदलायची, बाकी मजकूर तोच. बावीस तारखेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खोलीतल्या मांडणीवरची झाकणं थरथरली तेव्हा ती केस धूत होती. ओल्या केसांनिशी ती ऑफिसात पळाली. आदल्या दिवशी तिने उष्णतेच्या लाटेची नोट काढली होती. तिच्यात साहेबांची सही नेमक्या जागी बसलेली होती, नाहीतर ती सही दर वेळी घसरून शिक्क्यावर जायची. म्हणून तिने तीच फाईल उघडली, लाट पुसली, धक्का चिकटवला. 'आज सकाळी ७.१० वाजता.' वरची तारीख उष्णतेच्या लाटेचीच राहिली. आठ वाजून पाच मिनिटांनी नोट सगळ्या ग्रुपवर गेली आणि साहेबांनी तिला अंगठा पाठवला. त्या अंगठ्यावर तिने जवळजवळ एक तास मजेत काढला. आयुष्यात पहिल्यांदा आपण सरकारपेक्षा वेगाने पळालो असं तिला वाटलं होतं.

मग जे सुरू झालं त्याला आज नववा दिवस होता. कुलदीप नावाचा एक गृहस्थ, जो पूर्वी एका पेपरचा वार्ताहर होता आणि आता स्वतःच एक चॅनल होता, ऑफिसच्या फाटकासमोर उभा राहून मोबाईलला विचारत होता, ही चूक आहे की कबुली? पेपरांनी मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून तेच छापलं. प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही छापता येतं हे त्यांना केव्हाच कळलेलं होतं. साहेबांनी तिला कारणे दाखवा नोटीस दिली. ऑफिसने शुद्धिपत्रक काढलं. शुद्धिपत्रकाचा लोकांनी असा अर्थ लावला की पकडले गेल्यावर कागद बदलला. कुणी म्हणालं खाली तेल सापडलंय. कुणी म्हणालं सोलरच्या कंपनीला माळ हवाय, लोक घाबरून निघून जावेत म्हणून जमिनीत सुरुंग लावतात आणि सरकारला आदल्या दिवशी कळवतात, नियमच आहे तसा. एआयकडून बनवून घेतलेला एक व्हिडिओ फिरला, त्यात सिद्धेश्वरचं धरण मधोमध चिरलेलं दिसत होतं आणि फटीतून पाणी अगदी सिनेमात येतं तसं येत होतं. ऐश्वर्याला चीड येत होती ती या सगळ्याची नव्हती. तिला चीड होती ती याची की त्या नोटेच्या शेवटी एक ओळ होती, दर नोटेच्या शेवटी असायची, आणि लाखभर लोकांनी तो कागद पाहिला, मोठा करून पाहिला, उलटासुलटा करून पाहिला, पण ती ओळ एकानेही वाचली नाही. 'घराच्या पत्र्यावर ठेवलेले दगड तत्काळ काढून घ्यावेत.' अख्ख्या कागदात माणसाच्या कामाची ओळ तेवढी एकच होती. वैशाखात वारं सुटतं, पत्रे उडतात, म्हणून गावोगाव लोक पत्र्यावर दगड ठेवतात आणि त्याच दगडांखाली बाज टाकून झोपतात. लोक लाल गोल बघत बसले होते.

आणि त्या लोकांत तिचे बाबा होते. बावीस तारखेला दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, पोरगी ठीक आहे का ते विचारायला केलाय. तिने उचलल्या उचलल्या "बाबा, तुमी बरे हायेत ना?" असं विचारलं. पलीकडून कोंडीबा म्हणाले, "तुला आदल्या दिवशी ठाऊक व्हतं. अन् मला सांगितलं न्हाई." ती हसली. तिला खरंच वाटलं की ते चेष्टा करताहेत. तोवर त्यांनी फोन ठेवून दिला होता, आणि पुढचे आठ दिवस तो उचलला नाही. कोंडीबांचा जन्म कालव्यावरच्या रोजंदारीत गेला. टेंभुरदऱ्याला त्यांना लोक हसत हसत 'बातम्या' म्हणायचे, कारण सकाळी सातची रेडिओची बातमी ऐकल्याशिवाय हा माणूस फावड्याला हात लावत नसे. मुकादम ओरडायचा, हे उभेच. त्यांना स्वतःला वाचायला फारसं यायचं नाही. औंढ्याच्या हॉटेलातून ते दोन-तीन दिवसांचा शिळा पेपर आणायचे आणि दुसरीतल्या ऐश्वर्याला पुढ्यात बसवून तिच्याकडून तो सबंध वाचून घ्यायचे. सबंध म्हणजे सबंध. मथळे झाले की "अन् खाली काय हाय?" खालचं झालं की "त्या चौकटीत?" चौकटीत जाहीर सूचना असायच्या, पाटबंधारे विभागाच्या, तहसीलच्या. सात वर्षांची पोर 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असं अडखळत वाचायची, आणि कोंडीबा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली ताठ बसून, स्वतः संबंधित असल्यासारखे, मान हलवायचे. छापून आलं म्हणजे कुणीतरी विचार करून लिहिलं असणार, असं ते म्हणायचे. त्या भाषेचं वेड तिला तिथूनच लागलं. पुढे तीच भाषा लिहायची नोकरी लागली तेव्हा त्यांनी टेंभुरदऱ्याच्या अर्ध्या गावाला पेढे वाटले होते.

पण नोकरीच्या आधीच आईचं, पद्माबाईंचं ते झालं होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिची आई परगावच्या एका मोठ्या दवाखान्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास गेली. बापलेक बाहेर झाडाखाली बसले होते. कुणाच्या तरी मोबाईलवर त्या दिवसाचं पत्रक आलं. कोंडीबांनी सवयीने विचारलं, "वाच, काय हाय?" आणि तिने वाचलं, आजचे मृत्यू शून्य. ते काही ओरडले नाहीत. "पुन्हा वाच," म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. त्यानंतर त्यांनी तिला कधीही काहीही वाचायला सांगितलं नाही. रेडिओ कपाटावर गेला. स्वतःचा मोबाईल घेतला, त्याच्यात कुणी वाचून दाखवावं लागत नाही, माणसं स्वतःच ओरडून सांगतात. त्या दिवशी ऐश्वर्यानेही सरकारला मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या दिल्या होत्या. पण पुढे स्वतः कक्षात बसल्यावर तिला कळलं की आकडे दुपारी बारालाच बंद होतात. बारानंतर मेलेला माणूस उद्याच्या पत्रकात जातो. आई दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात होती, नीट, एक म्हणून होती. हे कळलं तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिचा संतापच झाला. कुणी लपवलं असतं तर परवडलं असतं, निदान आपल्या आईसाठी कुणीतरी खोटं बोलण्याचे कष्ट घेतले असं झालं असतं. इथे कुणी काही केलंच नव्हतं. फक्त बारा वाजले होते. हे तिने बाबांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, तुला असंच शिकवलं आसंन." आता हा लाल गोल पाहताना तिला दोन्हीकडचं दिसत होतं आणि म्हणून दोन्हीकडचा वैताग येत होता. आपल्यासारखी एक बाई ओल्या केसांनी घाईघाईत फाईल उघडते आणि चुकते, हे कुणाला पटणार नव्हतं. तेल पटत होतं, सुरुंग पटत होते. लोकांना सरकार लबाड चालतं, पण गबाळं असलेलं चालत नाही. आणि गंमत अशी की तिलाही कुठे चालत होतं? मोबाईल कंपनीचा 'प्रिय ग्राहक' असा मेसेज आला की ती न वाचताच पुसायची. पेपरात 'टँकर पोहोचला' असं वाचलं की कुठे, असं मनात विचारायची. फक्त आपला कागद मात्र लोकांनी खरा मानावा, अशी तिची इच्छा होती.

रविवारी ती टेंभुरदऱ्याला गेली. औंढ्याला उतरून जीपमध्ये बसली, जीपमध्येही तोच लाल गोल दोघांच्या हातात होता, आणि पाऊण तास ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. कोंडीबा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. "आली का," म्हणाले, पण मान वर केली नाही. तिने आधी वर पाहिलं. दगडमातीच्या भिंती, बावीसच्या धक्क्याने कोपऱ्यात पडलेली बोटभर फट, वर पत्रे, आणि पत्र्यांवर डोक्याएवढे काळे दगड ओळीने. आत जाऊन तिने पाहिलं तर बाज त्याच कोपऱ्यात, बरोबर त्या फटीला लागून.

"बाबा, ते दगड आधी काढा. तुमच्या डोक्यावर बराबर चार दगड हायेत."

"वारं सुटल्यावर पत्रे तू धरशीन का?"

"हुकानं आवळून घेऊ. मी मिस्त्री सांगते."

"काहून? कागदात लिवलंय म्हून?" कोंडीबांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांनी ती ओळ वाचून घेतली होती. अख्ख्या जिल्ह्यात एका माणसाने ती ओळ ऐकली होती आणि तो हा होता. "त्या कागदावरची तारीख खोटी हाय, असं तूच म्हनती ना?"

"तारीख चुकली, बाबा. दगडाचं चुकलं न्हाई."

"असं कसं? एकाच कागदात वरचं खोटं अन् खालचं खरं?"

याला उत्तर असायला हवं होतं, पण ते चार वाक्यांचं असतं, आणि चार वाक्यं ऐकून घेण्याइतका कुणी कुणाचा राहिलेला नव्हता. ती ओट्यावर बसली. ऊन पत्र्यावरून तापून खाली उतरत होतं. समोरच्या घरात धुरपताबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या आणि कान इकडे लावून होत्या. लहानपणी याच ओट्यावर बसून आपण त्यांना वाचून दाखवायचो, ते 'अन् खाली काय हाय' विचारायचे, आणि खालचं सगळं खरंच असायचं, असं तिला आठवलं. की तेव्हाही कुणीतरी घाईत जुनी फाईल उघडत असेल? असेलच. फक्त बघायला लाल गोल नव्हता.

कोंडीबा तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "माय, मला येवढंच सांग. पुढचा कवा हाय?"

"कुणालाच ठाऊक नसतं, बाबा."

"तुज्या साहेबाला?"

"न्हाई."

"मुंबईला? दिल्लीला?"

"न्हाई हो!"

"अमेरिकेला तर आसंन."

"कुणालाच न्हाई! सगळ्या जगात कुणालाच न्हाई!"

"सगळ्या जगात कुणाला न्हाई," कोंडीबा शांतपणे म्हणाले, "अन् तुज्या कागदाला एक दिवस आधी." मग जमिनीवर बोटाने रेघ ओढत, "तुज्या मायच्या बारीला बी तू असंच म्हनली व्हती. बारा वाजता बंद करतेत म्हून. तवा म्या काही बोललो का? पोटची पोरगी हाय, नोकरी हाय तिची, तकलीफ हाय, म्हून गप बसलो. पर मरन्याची तारीख ठाऊक आसून आपल्याच बापाला न्हाई सांगायची, हे मला न्हाई झेपलं."

तिचं डोकं फिरलं. नंतर तिने या क्षणाचा पुष्कळ विचार केला, पण त्या वेळी विचार वगैरे काही नव्हता. घशाशी नऊ दिवसांचं साचलेलं होतं, साहेबांची कारणे दाखवा नोटीस होती, कुलदीपचा मोबाईल होता, आईचं शून्य होतं, आणि समोर हा म्हातारा, जो तिच्यावर रागावला होता ते ती खोटं बोलते म्हणून नव्हे, तर खरं फक्त स्वतःपुरतं ठेवते म्हणून. "मंगळवारी," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी अकरा वाजता." आवाज तिचा नव्हताच, नोटेचा होता, कोरडा आणि सपाट.

कोंडीबांनी मान वर केली. "मोठा?"

"मोठा."

"बरं," ते म्हणाले आणि उठले. एकही प्रश्न नाही, शंका नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस शेजारून शिडी घेऊन आला, ती भिंतीला लावली, वर चढला आणि एक एक दगड खाली देऊ लागला. ती हात वर करून घेऊ लागली. दगड उन्हाने इतके तापले होते की तिने ओढणी हाताला गुंडाळली. एकाखालून पाल निघून पळाली. वर कोंडीबा गुणगुणत होते, कितीतरी वर्षांत तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. "येवढं आधीच सांगितलं आसतं तर," ते मधेच म्हणाले, "म्या काय कुणाला बोललो आसतो?" तिला विलक्षण हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची किळसही येत होती. दगड खाली आले होते. तीन वर्षांत दीडशेच्या वर नोटा काढून जे झालं नव्हतं ते एका थापेने झालं होतं. सांगून टाकावं आताच, असं तिच्या मनात आलं. पण अजून दोन दगड वर होते. नंतर बाज त्यांनी स्वतःच अंगणात आणली, तिच्यासाठी चहा केला, आणि "कुणाला सांगू नका" असं तिने बजावल्यावर कानाला हात लावून म्हणाले, "म्या कशाला सांगतो?" समोर धुरपताबाईंच्या शेंगा केव्हाच फोडून झाल्या होत्या, तरी त्या दारातच होत्या. त्यांची नजर खाली काढलेल्या दगडांवर होती.

सोमवारी दुपारी जेवणाचा डबा उघडताना तिला तो मेसेज आला, तोही तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. 'अत्यंत महत्त्वाचे. प्रशासनातील खात्रीच्या सूत्रांनुसार उद्या मंगळवारी ठीक ११ वाजता मोठा धक्का. सरकार लपवत आहे. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' खात्रीचं सूत्र डब्यातल्या भेंडीकडे बघत राहिलं. तासाभरात कुलदीपने चॅनलवर उलटं मोजणारं घड्याळ लावलं. साहेबांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, खंडन काढा, आणि तारीख मात्र, मॅडम, तारीख मात्र बघा. ती हो म्हणाली. हे मी केलं, असं म्हणायला तिची जीभ उचलली नाही, आणि आपण घाबरट आहोत हे तिला फार स्पष्ट दिसलं. तिने टाईप केलं, 'भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगू शकेल अशी कोणतीही यंत्रणा जगात उपलब्ध नाही.' इतकं खरं वाक्य तिने आजवर लिहिलं नव्हतं. शेवटी दगडांची ओळ टाकली. तारीख तिने चार वेळा तपासली, मग शिपाई दिपक याला बोलावून मोठ्याने वाचायला लावली. त्याने वाचली आणि हळूच विचारलं, "मॅडम, अकरालाच ना पण?"

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आठ दिवस न उचलणारे बाबा आता स्वतःहून करत होते. "वाचली तुजी नोट," ते म्हणाले. "धुरपताबाईनं दाखवली."

"मंग?" तिच्या आशा एकदम जाग्या झाल्या.

"मंग काय, बराबर लिवलंस. तुला लिवावंच लागतंय, मला कळतंय. माजा राग न्हाई आता." त्यांच्या आवाजात तिच्याविषयी माया होती. किती वर्षांनी ते असे बोलत होते. आपली पोरगी दिवसभर सरकारसाठी खोटं लिहिते आणि रविवारी येऊन बापाला खरं सांगते, असं काहीतरी त्यांच्या मनात आता नीट जुळलं होतं. तो हिशेब मोडायला हवा होता. तिने फक्त "जेवलात का" असं विचारलं.

मंगळवारी साडेदहापासून ऑफिसातल्या सगळ्यांनाच बाहेर कामं निघाली. एकाची गाडी उन्हात होती, एकीला चहा हवा होता, अभिलेख कक्षातले तिघे झाडाखाली उभे राहून पावसाबद्दल बोलत होते, भर उन्हाळ्यात. साहेब स्वतः जीपजवळ मोबाईल कानाला लावून उभे होते आणि ऐकणाऱ्यासारखी मान हलवत होते, पण मोबाईलचा दिवा लागलेला नव्हता. ऐश्वर्या खिडकीतून हे बघत होती. कक्षात ती एकटीच होती. हे सगळे शिकलेले लोक, याच इमारतीतून काल निघालेलं खंडन यांनीच पुढे पाठवलं, आणि आज हे बाहेर आहेत. तिला हसावं की रडावं कळेना. मी नाही हलणार, असं तिने ठरवलं. मला तरी माहीत आहे. अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

"आलीस का भायेर?" कोंडीबांनी विचारलं. त्यांच्या मागे माणसांचा गलबला होता, शेळ्या होत्या, कुणीतरी लेकराला हाक मारत होतं. अख्खं गाव अंगणात असणार.

"आले," ती खुर्चीत बसून म्हणाली.

"पंख्याचा आवाज येऊन राहिला मला."

तिने पंख्याकडे पाहिलं.

"ऐशू," त्यांचा आवाज चिरकला. "माय, भायेर ये. तुजी माय गेली. आता तू तरी."

ती उठली. पायऱ्या उतरून अंगणात गेली आणि साहेबांपासून जरा लांब, उन्हात उभी राहिली. कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही, सगळे जमिनीकडे बघत होते. "आले बाबा," ती म्हणाली, आणि पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडलेला तिला ऐकू आला. अकरा वाजले. तिच्या तळव्यांना जमीन लागत होती, चपलेच्या आतून, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तीही वाट बघत होती. अकरा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. तिघांचं पावसाबद्दलचं बोलणं संपलं.

"टळलं वाटतं," कोंडीबा म्हणाले.

"टळलं न्हाई, बाबा." आता सांगायलाच हवं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बोलू लागली, भराभर. "ऐका माजं. काही येणारच नव्हतं. मला काही ठाऊक नव्हतं. मी तारीख मनानं सांगितली, खोटी. तुमी दगड काढावे म्हून. आयच्यान खरं सांगते. ऐकताय ना?"

"ऐकून राहिलो." मग त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण आवाज एकदम जवळ आणि बारीक झाला. "ऐशू, आसलं फोनवर नको बोलू. ऐकतेत ते."

"कोण ऐकतंय? बाबा, कुणी ऐकत न्हाई! मी चुकले, मी खोटं बोलले, येवढंच हाय!"

"व्हय, व्हय. असंच म्हनत जा. कुणी इचारलं तर असंच सांग." ते आता चालत बोलत होते, काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता, लाकूड भिंतीला टेकल्याचा. "बरं, ठेवतो आता. वारं सुटून राहिलं इकडं. दगड चढवून घेतो."

"बाबा, दगड राहू द्या खाली! मी रविवारी मिस्त्री घेऊन येते, हूक लावू, दगड नका ठेवू!"

"पत्रे उडतीन न माय. तू काहून काळजी करती? पुढच्या बारीला तू सांगितलंस की काढतो."

"मला ठाऊक नसनार पुढच्या बारीला!" ती ओरडली. सगळे वळून तिच्याकडे बघू लागले, साहेबही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बाबांचाच प्रश्न होता, तो तिला ओळखू आला: पुढचा कवा हाय?

पलीकडे कोंडीबांनी फोन चालूच ठेवून खिशात टाकला असावा. शिडी कुरकुरली, आणि पत्र्यावर पहिला दगड ठेवल्याचा आवाज आला.